नागोयाहून आलेलं जॅकेट

कौशल्या बारबोले लहानपणापासून तंद्री लागणारी मुलगी. वर्गात बाई शिकवत असायच्या आणि हिची नजर खिडकीबाहेर गेलेली असायची, ती घंटा झाल्यावरच परत यायची. तिचे वडील संपतराव बार्शी डेपोला एसटी ड्रायव्हर. दिवाळीच्या सुट्टीत कधीमधी ते तिला पहाटेच्या पुणे गाडीवर बरोबर न्यायचे. आपल्या शेजारी, इंजिनाच्या उबदार झाकणाला टेकून, गोधडीत गुंडाळून बसवायचे. टेंभुर्णीच्या पुढे रस्त्यावर धुकं उतरलेलं असायचं. दिव्यांच्या उजेडात धुकंच तेवढं दिसायचं, रस्ता नाहीसा व्हायचा, आणि अर्धवट झोपेतल्या कौशल्याला वाटायचं की गाडीची चाकं आता जमिनीला लागत नाहीत.

"आण्णा, गाडी उडतीय का?"

"उडती हाय. पण बोलू नको, ड्रायव्हरचं ध्यान जातंय."

ही मुलगी कॉम्प्युटर शिकून दोन हजार सालाच्या आसपास पुण्यात आली. तेव्हा सोलापूर, लातूर, बीडकडून रोज कोणी ना कोणी बॅग घेऊन स्वारगेटला उतरत होतं. कौशल्याला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम मिळालं. कंपनीचा मोठा ग्राहक जपानी होता, म्हणून तिने सदाशिव पेठेत सकाळचा जपानीचा क्लास लावला, आणि क्लासपासून चालत जाता येईल अशी खोली शोधता शोधता ती विमलाबाईंकडे पोचली.

विमलाबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. एकट्या. उभं आयुष्य कानाला हेडफोन लावून त्यांनी इंदूर, हैदराबाद, भोपाळ जोडून दिलं होतं, पण यातलं एकही गाव पाहिलेलं नव्हतं. मग घरोघरी एसटीडी आलं, ट्रंक कॉल संपले आणि बाईंनी वेळेआधी निवृत्ती घेतली. आता त्या दिवसभर स्वेटर विणत आणि पेइंग गेस्ट मुलींवर लक्ष ठेवत.

"जपानी शिकतेस? चांगलं आहे," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या. "इथे मात्र मराठीत सांगते. गीझर दहा मिनिटं."

दोघींचं जमलं. का जमलं ते सांगता येणार नाही. कौशल्या फार बोलत नसे आणि विमलाबाईंना मधे न बोलणारं माणूस हवं होतं, एवढं कारण पुरेसं असावं.

दोन हजार तीनच्या हिवाळ्यात कंपनीने कौशल्याला कामासाठी जपानमध्ये नागोयाला पाठवलं. पहिलं विमान, पहिला बर्फ, पहिल्यांदा इतकं एकटेपण. रविवारी ती नुसती चालायची. रस्ते धुतल्यासारखे, माणसं हळू बोलणारी, आणि सगळं कसं काचेपलीकडे चाललंय असं तिला वाटत राहायचं. अशाच एका रविवारी, बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका दुकानाच्या खिडकीत तिला ते दिसलं. चिंचेच्या कोळाच्या रंगाचं चामड्याचं जॅकेट. लाकडी हँगरवर, पिवळ्या दिव्याखाली. कमरेला आणि मनगटाला विटकरी लोकरीची पट्टी. कोणीतरी नुकतंच काढून ठेवलंय आणि आत हात धुवायला गेलंय, असं ते लटकत होतं.

ती आत गेली. दुकानदार म्हातारे होते. हायाशी त्यांचं नाव. परदेशी मुलगी अडखळत का होईना जपानी बोलते याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की त्यांनी तिला स्टूल दिलं, चहा दिला आणि मग जॅकेट काढून समोरच्या टेबलावर पसरलं. घोड्याचं कातडं, ते म्हणाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे वैमानिक घालायचे, त्याची नक्कल. मूळ जॅकेटं आता विरली, फाटली. आम्ही तशीच पुन्हा शिवतो. टाक्यांची लांबी तीच, कॉलरचं बटण तेच, चेनसुद्धा तशीच मुद्दाम बनवून घेतलेली.

कौशल्याच्या मनात एक प्रश्न आला. विचारावा की नाही, असं तिला झालं. तरी तिने विचारला.

"त्यांच्याच विमानांनी तुमच्या गावावर बाँब टाकले ना?"

"हो."

"मग तुम्ही त्यांचे कपडे का शिवता?"

हायाशी कॉलरवरून अंगठा फिरवत राहिले. "मी लहान होतो," ते म्हणाले. "आई आम्हाला घेऊन डोंगराकडे पळाली. मागे वळून बघितलं तर विमानं फार उंच होती, चांदीची. घाबरायला हवं होतं. घाबरलो पण होतो. पण माझ्या मनात आलं, एवढ्या वर त्या माणसांना थंडी वाजत असेल का? ते डोक्यातून गेलंच नाही."

कौशल्याने चहा बाजूला ठेवला आणि जॅकेटच्या बाहीला हात लावला.

त्यांनी तिला सगळ्यात लहान मापाचं जॅकेट घालायला दिलं. ते फळीसारखं ताठ होतं. हात वाकवला की कुरकुरायचं. खांद्यांवर कोणीतरी मागून हात ठेवल्यासारखं वजन. हायाशी म्हणाले, "नवं जॅकेट कोणाचंच नसतं. घालत राहा, हळूहळू तुमच्या हातांसारखं वळेल." आरशासमोर ती बराच वेळ उभी राहिली. आरशात कोण दिसलं हे तिने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. जॅकेटची किंमतही नाही.

पुण्याला परत आली तेव्हा थंडी सरत आलेली. पहाटे स्कूटी काढली तरच जॅकेट घालता येई, आणि नऊ वाजता त्याच जॅकेटचं ओझं व्हायचं. तिला पहिल्यांदा त्यात पाहिलं तेव्हा विमलाबाईंनी चष्मा वर सरकवला.

"हे काय?"

"जॅकेट, काकू. वैमानिकाचं."

"अस्सं. आणि विमान कुठे लावलंयस? जिन्यापाशी नको हं, खालच्या जोशांना त्रास होतो."

त्याच आठवड्यात संपतरावांची गाडी स्वारगेटला मुक्कामी होती. कौशल्या सकाळी जॅकेट घालूनच त्यांना भेटायला गेली. खरं तर तिला धाकधूक होती. आण्णा म्हणतील, पोरीच्या जातीला हे काय, आणि पैसे काय झाडाला लागतात का. संपतरावांनी चहाचा ग्लास बाकावर ठेवला. बाहीचं कातडं दोन बोटांत धरून पाहिलं, कॉलर उभी करून पाहिली, चेनवर येणारी पट्टी उलटी करून पाहिली.

"हे घालणाऱ्या माणसाच्या गाडीला काचा नव्हत्या का?"

"विमान, आण्णा. वर लई थंडी असती."

"तेच म्हणतोय. वारं कुठनं शिरतंय ते ठाव असलेल्या माणसानं शिवलंय हे." मग त्यांनी आपल्या खाकी शर्टाचं वरचं बटण काढलं. आत छातीवर वर्तमानपत्राची घडी होती. "आमचं हे. पहाटं इंदापूरच्या पुढं खिडकीतनं वारं सुरीसारखं येतंय. पेपर घातला की थांबतंय."

इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसून कौशल्याला हे माहीत नव्हतं. तिने जॅकेट काढून त्यांना दिलं. त्यांचा एकच हात बाहीत गेला, तोही कोपरापर्यंत. दोघंही इतकं हसले की कंडक्टर बघायला आला.

उन्हाळाभर जॅकेट कपाटात होतं. झोपायच्या आधी कौशल्या कपाट उघडायची, चामड्याच्या वासात क्षणभर उभी राहायची आणि बंद करायची. तिच्या स्वप्नांत तेव्हा एकच जागा येई: उंच, पांढरी, गार, आवाज नसलेली. तिथे ती काय करत असे ते उठल्यावर आठवत नसे. पुढे पावसाळ्यात टेस्टिंगची घाई आली, ती कपाटाकडे फिरकलीच नाही. ऑगस्टमध्ये दार उघडलं तर चिंचेच्या रंगावर पांढरी बुरशी आलेली, आणि मनगटांच्या, कमरेच्या विटकरी लोकरीत कसरीने भोकं पाडलेली. धागे लोंबत होते. कौशल्या जमिनीवर बसली आणि रडली. कपड्यासाठी ती याआधी कधी रडली नव्हती.

विमलाबाई दारात आल्या. जॅकेट उचललं, उजेडात धरलं.

"कातडं पुसून निघेल. लोकर गेली."

"हायाशींकडे पाठवायला लागेल. तशीच लोकर तिथेच मिळते."

"जपानला? मनगटाच्या दोन पट्ट्यांसाठी?" त्या जॅकेट घेऊनच आत गेल्या.

चार-पाच दिवस त्यांनी कौशल्याला ते दाखवलं नाही. लोकरीसाठी रविवार पेठेत जाऊन आल्या, मोजून मापून विणलं, उसवलं, पुन्हा विणलं. शेवटी जॅकेट तिच्या पलंगावर ठेवलं. कातडं चकचकीत पुसलेलं. पट्ट्या घट्ट, ताणल्या की परत जागेवर येणाऱ्या. फक्त विटकरी नव्हत्या. बाटलीहिरव्या होत्या.

कौशल्या बघत राहिली. हायाशींनी चेनसुद्धा जुन्यासारखी बनवून घेतली होती, हे तिला आठवलं.

"तुझ्या अमेरिकन सैन्याला कळव," विमलाबाई म्हणाल्या, "पुण्यात विटकरी लोकर मिळाली नाही म्हणावं."

तिने हात घातले. हिरव्या पट्ट्या मनगटावर बसल्या, मऊ, आणि बाह्या पहिल्यांदाच तिच्या लांबीच्या वाटल्या. ती वाकून काकूंच्या पाया पडली. विमलाबाई म्हणाल्या, "पुरे, पुरे. गीझर चालू आहे."

डिसेंबरात थंडी पडली. कौशल्या आता रोज जॅकेट घालून ऑफिसला जाऊ लागली. लोक बघायचे. सिग्नलला पोरं काहीबाही बोलायची. तिला ते लांबून कुठूनतरी ऐकू आल्यासारखं वाटे. तिचा टीम लीडर सौमित्र, पेठेतलाच मुलगा, एकदा कॅन्टीनमध्ये म्हणाला, "तू हे घालून नुसती कर्वे रोडला काय फिरतेस? हडपसरला जा की. तिथे ग्लायडर उडवतात. बिनइंजिनाची विमानं. रविवारी कोणालाही वर नेतात."

"कोणालाही?"

"माझ्या मावशीला नेलं होतं. आता तूच काय ते समज."

जानेवारीतल्या रविवारी कौशल्या निघाली तर विमलाबाई पिशवी घेऊन तयार. "मी येतेय. तू वर जाशील, खाली कोणी नको का?" दोघी स्कूटीवरून निघाल्या. मार्केट यार्डाजवळ पालेभाजीच्या टेम्पोंमागून हळूहळू जावं लागलं, कोथिंबिरीचा ओला वास, आणि धुकं अजून रस्त्यावर होतं. हडपसरचं मैदान आलं तेव्हा ते विरळ होत होतं. गवतावर एक पांढरं, लांब पंखांचं, हलकं काहीतरी एका पंखावर कलून बसलं होतं, पाणी प्यायला उतरलेल्या बगळ्यासारखं.

श्रीधर सर तिथले शिकवणारे. उन्हाने रापलेले, कमी बोलणारे. ते ग्लायडरच्या काचेवर काहीतरी चिकटवत होते. "लोकरीचा धागा लागतो," त्यांनी समजावलं. "काचेवर बाहेरून. सरळ उडत असलो की धागा सरळ राहतो, तिरके गेलो की तो तिरका होतो. हा झिजलाय." विमलाबाईंनी पिशवीतून लाल लोकरीचा गुंडा काढला, वीतभर धागा दातांनी तोडला आणि पुढे केला. सरांनी तो चिकटवला.

कौशल्या पुढच्या सीटवर बसली, सर मागे. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एक यंत्र होतं, ते पोलादी दोर गुंडाळून ग्लायडरला ओढणार होतं. दोर ताणला गेला. गवत पळायला लागलं. आणि मग नाक एकदम आभाळाकडे झालं, पाठ सीटमध्ये रुतली. वरती खट् असा आवाज झाला. दोर सुटला होता.

त्यानंतर काहीच आवाज नव्हता. वाऱ्याची कुजबुज तेवढी. कौशल्याने श्वास सोडला. खाली शेतं, कालव्याची रेघ, मगरपट्ट्याच्या अर्ध्या बांधलेल्या उंच इमारती आणि त्यांवर मुंग्यांएवढी माणसं. पूर्वेला लोणी काळभोरकडचा उसाचा हिरवा पट्टा धुक्यात शिरत गेलेला. सोलापूर रस्त्यावर एक लाल एसटी चालली होती, इतकी सावकाश की तिला आत झोपलेली माणसं दिसल्यासारखी वाटली.

"थंडी वाजतेय?" मागून सरांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि नागोयाच्या गल्लीतला तो म्हातारा माणूस आठवून तिचे डोळे भरून आले.

खाली उतरल्यावर तिने विमलाबाईंकडे बघितलं. "काकू, तुम्ही?"

"मी बघायला आलेय."

"वर गेल्यावर जास्त दिसतं," श्रीधर सर म्हणाले.

विमलाबाईंनी जरा विचार केला. मग चष्म्याला दोरी बांधली, पदर खोचला आणि कौशल्यासमोर हात पसरले. कौशल्याने त्यांना जॅकेट घातलं. नऊवारी नाही, साधी पाचवारी छापील साडी आणि वर महायुद्धातल्या वैमानिकाचं जॅकेट, अशा त्या वर गेल्या. कौशल्या मान वर करून बघत राहिली. परत आल्या तेव्हा केस उडालेले होते, गाल लाल.

"कसं वाटलं काकू?"

"लाइन एकदम क्लिअर होती," विमलाबाई म्हणाल्या.

त्यानंतर कौशल्या दर रविवारी जाऊ लागली, आणि एका रविवारी तिने शिकण्यासाठी नाव घातलं. डॉक्टरी तपासणी झाली. आईने फोनवर विचारलं, "लग्नाचं काय?" तिने सांगितलं, "आधी उतरायला शिकू दे." आईला वाटलं ती स्कूटीबद्दल बोलतेय.

शिकता शिकता तिला एक गोष्ट कळली, तिचं तिलाच हसू आलं. ग्लायडर खरं तरंगतं ते उन्हाळ्यात. जमीन तापते, गरम हवा वर चढते आणि घारी जिथे पंख न हलवता गोल फिरतात तिथे शिरलं की ग्लायडरही वर जातं. म्हणजे उडण्याचे खरे दिवस मार्च, एप्रिल, मे. आणि त्या दिवसांत पुण्यात घोड्याच्या कातड्याचं जॅकेट कोण घालणार? हायाशींच्या वैमानिकांसाठी शिवलेलं ते जॅकेट कडुनिंबाच्या फांदीवर लटकायचं आणि कौशल्या सुती शर्टात, टोपी घालून, घामाने भिजून घारींच्या मागे जायची. तिला वाईट वाटलं नाही. थंडीत ती जॅकेट घालून उडण्याचं स्वप्न बघायची. उन्हाळ्यात ती उडायची.

दोन हजार सहाच्या एप्रिलमध्ये एका सकाळी श्रीधर सर मागच्या सीटवरून उतरले, पट्टे नीट बांधून ठेवले आणि म्हणाले, "आता तू एकटी जा."

त्या दिवशी संपतराव आणि आई बार्शीहून आले होते, मुलगी काय करते ते बघायला. संपतराव नुकतेच निवृत्त झालेले. त्यांना ती एकटी जाणार आहे हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण कोणालाच माहीत नव्हतं. ग्लायडर वर चढलं, दोर सुटला. संपतरावांनी डोळ्यांवर हात धरला.

"मागं कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही," विमलाबाई म्हणाल्या.

कौशल्याच्या आईने खाली बसून डोळे मिटून घेतले. संपतराव उभेच राहिले. वरती ती पांढरी आकृती वळली, मैदानाला वळसा घालून आली, जरा वर गेली, पुन्हा वळली. संपतरावांचा उजवा हात नकळत हलत होता, वळणावर स्टिअरिंग धरल्यासारखा.

वरती कौशल्या पहिल्यांदा घाबरली. मागच्या सीटवर कोणी श्वास घेत नव्हतं. मग तिने स्वतःशीच मोठ्याने बोलायला सुरुवात केली, सर बोलायचे तेच: वेग बघ, वळण सपाट नको, पंख कलव, मैदान नजरेआड जाऊ देऊ नको. बोलता बोलता तिचा आवाज तिला ओळखीचा वाटेनासा झाला आणि त्याच क्षणी भीती गेली. ऊन पिवळं होतं. खालचं सगळं गाव मंद, झोपाळू, आणि ती त्यावरून चाललेली. बराच वेळ गेल्यासारखं वाटलं. प्रत्यक्षात काही मिनिटंच असावीत.

ती उतरली. ग्लायडर दोनदा उसळलं आणि थांबलं. काच वर करून ती बाहेर आली तोच सरांनी आणि बाकीच्या शिकणाऱ्यांनी तिच्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. एकटं पहिलं उड्डाण केलेल्याला असंच भिजवतात. आई ओरडली, "अहो, आजारी पडंल की पोरगी!" संपतराव जवळ आले. त्यांनी तिच्या ओल्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "उतरताना ब्रेक जरा आधी लावायचा."

"होय आण्णा."

"बाकी बरोबर हाय."

मग कडुनिंबाखाली आईने फडक्यातल्या भाकरी सोडल्या, शेंगांची चटणी, कांदा. विमलाबाईंनी चटणी चाखून तिखट असल्याचं सांगितलं आणि पुन्हा घेतली. श्रीधर सरही बसले. संपतराव त्यांना घाटातल्या उताराबद्दल सांगत होते आणि सर मन लावून ऐकत होते.

कौशल्या पुढे वैमानिक झाली नाही. टेस्टिंगचंच काम करत राहिली. नंतर तिची नोकरी बदलली, घर बदललं. ग्लायडर उडवायचा परवाना मात्र तिने काढला. थंडी पडली की जॅकेट निघे. कोपरांवर तिच्याच हातांच्या घड्या पडलेल्या, पट्ट्या हिरव्या, आणि ऑफिसात कोणी विचारलं, हे कुठल्या देशाच्या सैन्याचं, तर ती म्हणे, "बार्शीच्या."

त्या एप्रिलच्या सकाळी मात्र ती जेवता जेवता ओल्या केसांनी मागे टेकली आणि भाकरीचा तुकडा हातात असतानाच तिचा डोळा लागला. आई तिला हलवायला गेली तर संपतरावांनी नुसता हात वर केला. मैदानावरून दुसरं ग्लायडर दोराने वर ओढलं जात होतं. त्याची सावली गवतावरून सरकत आली, तिच्या अंगावरून गेली आणि कालव्याकडे निघून गेली.